कंसातलं वाचायचं नाही

गेल्या वर्षी आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, माझ्या बापानं एका नाटकात दुसऱ्याच नाटकाचा संवाद म्हटला. एखादं वाक्य असतं तर खपून गेलं असतं, पण यानं अख्खं भाषण ठोकलं. समोर वडशाहून बोलावलेली नटी डोळ्याला पदर लावून विचारतेय, "बाबा, मी सासरी परत जाऊ का?" आणि हा छाती काढून सांगतोय की या जंगलातून एकही दरोडेखोर जिवंत जाणार नाही! म्हाताऱ्यांना ते जुनं नाटक आठवत होतं, त्यांनी टाळ्या पिटल्या. नटी मात्र पदर तोंडात धरून तशीच उभी राहिली. मी समोरच बायकांच्या सतरंजीवर बसले होते. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शक घरी आला. दिग्दर्शक म्हणजे कोणी मोठा माणूस नव्हे, आमच्या फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. पण नाटकाच्या दिवसांत त्याच्यापुढे सरपंचाचंही चालत नाही. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आता तुमी आराम करा. पुढच्या सालापासून समोरची खुर्ची तुमची."

दुसऱ्या कुणाला हा मान वाटला असता. माझा बाप ढिवर, जन्मभर तलावात जाळं ओढलेला माणूस. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, तेव्हाच्या त्या एका नाटकाच्या जोरावर तो बाकीचं वर्ष काढायचा. कधी पाटील, कधी फौजदार, कधी दरोडेखोर. बाजारात आई मासोळ्या विकायला बसली की लोक विचारायचे, "काऊन वं, फौजदारीण, झिंगे कसे दिले?" ते काम गेलं तर बाबा नुसता घरात बसून म्हातारा होणार, हे आईला कळत होतं, मला कळत होतं, आणि त्याला तर सगळ्यांत आधी कळलं होतं.

मी माझ्या शाळेवर परतले. शाळा धानोऱ्याकडे, जंगलात. गावाहून निघालं की बस बदलत बदलत अख्खा दिवस जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबाचा फोन आला. मासोळ्या झाल्या, ऊन झालं, शेजाऱ्याची म्हैस झाली, आणि मग म्हणे, "बाई, मले वाचाले शिकव."

माझं डोकंच फिरलं. का फिरलं ते सांगते.

बाबा शाळेत गेला नाही. नाटकात प्रत्येकाच्या वाट्याचे संवाद वेगळ्या कागदांवर उतरवून देतात, त्याला नक्कल म्हणतात. बाबाची नक्कल वाचून दाखवायला घरात मी एकटीच होते. मी तेव्हा चौथीत वगैरे असेन. बाबा पडवीत फाटलेलं जाळं सांधत बसायचा आणि मी समोर बसून वाचायची. बाहेर मैत्रिणी हाका मारताहेत, आणि मी इकडे "हरामखोरा, कायद्याचे हात लांब असतात" करत बसले आहे. उठायची सोय नाही. जरा हललं की, "बस न वं! अर्धवट नोको सोडू."

बरं, वाचावं लागायचं किती? एकदा. फार तर दोनदा. तेवढ्यात याचं सगळं पाठ. कान होते की काय होतं, देव जाणे. हातातली सुई खाली ठेवून तो उभा राहायचा आणि मी वाचलं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. मी कुठे अडखळले असेन, तर अडखळणंसुद्धा तिथंच. मला एवढा राग यायचा! मी पाढे पाठ करायला रडायची, आणि हा बीडी ओढत ओढत तीन अंकी नाटक गिळायचा.

कंसातलं मात्र मी वाचत नसे. संवादाच्या आधी कंसात लिहिलेलं असतं ना, रागाने, हसत, दचकून, ते. शाळेतल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, मनात वाचायचं आणि तसं करायचं. म्हणून कंसात राग असला की मी रागानं वाचायची, रडणं असलं की रडून दाखवायची, आणि बाबा माझं पाहून तसंच करायचा. कागदावर असलं काही लिहिलेलं असतं याचा त्याला पत्ताच नव्हता. आमचं काम अडत नव्हतं, मग सांगतो कोण?

मला काही शिक्षिका व्हायचं नव्हतं. मला सिंदेवाहीच्या बँकेत बसायचं होतं, पंख्याखाली, सावलीत, जिथं चिखल नाही, मासोळी नाही आणि मोठ्यानं वाचणं नाही. पण आईनं आपलं मन लावलं डी.एड.वर. पोरीच्या जातीला मास्तरकीसारखं दुसरं काही नाही, असं तिला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, आणि बाजारात ऐकलेलं आई कधी खोटं मानत नाही. माझा नंबर लागला. मी होस्टेलवर जाणार हे ठरलं, तसा बाबा फुगून बसला.

"मंग माही नक्कल कोण वाचन?"

पोरगी घर सोडून चालली, आणि याला नकलेचं पडलंय! मी म्हटलं, "बाबा, तूच वाचायला शीक. माझ्यामागचा हा जाच तरी संपेल." त्या उन्हाळ्यात मी त्याला शिकवायला बसले. माझी पहिली शाळा ती, आणि पहिला विद्यार्थी हा असा. पहिलीचं जुनं पुस्तक काढलं. रोज एक पान. मी वाचायची, तो पाहायचा, दुसऱ्या दिवशी तो वाचायचा. कुठं चूक नाही. अक्षरांवर बोट, आवाज खणखणीत. मी तर हवेतच गेले. सगळ्या मोहल्ल्यात सांगून आले की बघा, डी.एड.ला जायच्या आधीच मी बापाला वाचायला शिकवलं. शेजारणी बघायला आल्या. बाबा पुस्तक घेऊन खाटेवर बसला आणि वाचू लागला. पान संपलं, वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, राहिलेलं पुढच्या पानावर होतं. आणि हा पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाचून मोकळा!

शेजारणींच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी पुस्तक हिसकलं, मधलंच एक पान काढलं आणि म्हटलं, "हा शब्द कोणता?" तो पुस्तकाकडे न बघता माझ्याकडे बघून हसला. "अवं, पाठ झालं तं वाचाले कायले पाह्यजे? मले कान हायेत न."

मी ते पुस्तक विहिरीत फेकणार होते. आईनं हात धरला म्हणून वाचलं.

म्हणजे माझी सुरुवात ही अशी. डी.एड. झालं, पुष्कळ थांबून नोकरी लागली, आणि मी धानोऱ्याच्या जंगलातल्या शाळेत जाऊन पडले. पोरं घरी गोंडी बोलणार, पुस्तक पुण्याच्या मराठीत, आणि मी मधे. मोहफुलं पडू लागली की वर्ग रिकामा, तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली की शाळाच रिकामी. वरून साहेब यायचे, पोरांना उभं करायचे, पोरं घडाघडा वाचायची, साहेब मान हलवायचे आणि जीपमध्ये बसायचे. माझ्या आधीचे गुरुजी मला म्हणाले होते, "वाचनाची काळजी नका करू बाई, इथली पोरं झकास वाचतात."

पहिल्याच आठवड्यात दुसरीतल्या एका पोरीनं मला धडा वाचून दाखवला. गोड आवाज, अक्षरांवर बोट, कुठं चूक नाही. आणि पान उलटायच्या आधीच तिनं पुढच्या पानावरचा शब्द म्हटला. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, इथंही माझा बाप! एक नाही, वर्गभर माझे बापच बसले होते. जिथं आजवर सगळं ऐकूनच राहिलं, गाणी, गोष्टी, कुणाचा बैल कुणी नेला, तिथली पोरं कान घेऊनच जन्माला येतात. धड्याचा अर्थ कळो न कळो, आवाज पक्का. त्यांना गप्प बसवून वाचायला लावणं म्हणजे बापाशीच पुन्हा भांडण.

पण बापाशी भांडून मला एक गोष्ट कळली होती. पुस्तकातलं दिलं की ही मंडळी पाठ करतात, म्हणून जे आजपर्यंत कुणी म्हटलेलंच नाही ते लिहायचं. मी रोज सकाळी फळ्यावर त्या दिवसाची वाक्यं लिहू लागले. कुणाच्या बकरीनं बाईंची ओढणी खाल्ली. कुणाच्या आजीनं आज कोंबडा विकला नाही, कारण तो पळाला. हे पाठ कसं करणार? आणि त्यात आपलं नाव आहे की नाही हे बघायला सगळ्यांनाच वाचावं लागे. त्यांचे गोंडी शब्दही मी लिहायची, मग तर फळ्यापुढे रेटारेटी. पोरं चुकू लागली, अडखळू लागली. आमच्या केंद्रप्रमुखांनी ते ऐकून मला विचारलं, "बाई, पोरं पहिले चांगली वाचत होती, तुम्ही आल्यावर अडखळून का राह्यली?" मी म्हटलं, "साहेब, अडखळतात म्हणजे वाचतात." त्यांना ते पटायला वर्ष लागलं. मग तेच मला इतर शाळांत पाठवू लागले, हे असं करून दाखवा म्हणून. लोक मला वाचनवाल्या बाई म्हणू लागले. सत्काराला शाल मिळाली की मी मनात म्हणायची, घ्या, माझ्या बापाला द्या ही.

आणि आता, सगळे केस पांढरे झाल्यावर, तोच बाप फोनवर म्हणत होता, मले वाचाले शिकव.

"आता कशाला? कान हायेत न तुला?" मी चिडून म्हटलंच.

तो म्हणाला, "कानातलं ठयरत नाई आता."

मी होस्टेलवर गेल्यापासून शेजारचं एखादं पोरगं त्याला नक्कल एकदा वाचून दाखवायचं आणि भागायचं, आता भागत नव्हतं. त्यानं सगळं आधी करून पाहिलं होतं. दिग्दर्शकाच्या दुकानावर जाऊन हातापाया पडला होता. या वर्षी नाटक नवं, त्यात नायिकेच्या म्हाताऱ्या बापाचं काम होतं. दिग्दर्शकानं नक्कल मोबाइलवर बोलून पाठवली होती. बाबा तलावाच्या पाळीवर बसून ती दिवसभर ऐकायचा, आणि संध्याकाळी आईला म्हणून दाखवायला उभा राहिला की दोन वाक्यांनंतर भलतंच नाटक सुरू. पडद्याआडून सांगणाऱ्याचा आवाज त्याला आता नीट ऐकू येत नव्हता. शेवटी दिग्दर्शकानं सांगितलं, "भाऊ, तुमच्यापाशी बसून रोज कोण वाचन? दिवाळीत तालमीले या. सगळ्यायसारखं कागदावरून वाचून दाखवा. वाचता आलं तं रोज वाचान, एन्ट्रीच्या आंधी पुन्हा एक डाव पाहान. नाई तं समोरची खुर्ची हायच."

उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेले. पुस्तक नेलंच नाही, पाटी नेली. त्यावर रोज मी नवं वाक्य लिहायची, आणि गोड काही लिहायचं नाही असं ठरवूनच गेले होते. बाबाच्या जाळ्यात आज चप्पल आली. बाबा काल आईशी खोटं बोलला. बाबाला बीडी सोडवत नाही. हा पाटी डोळ्यापासून लांब धरायचा, जवळ आणायचा, चष्मा पुसायचा, घाम पुसायचा. माझ्या तोंडाकडे बघायचा, की काही आवाज निघतो का. मी तोंड शिवून बसायची.

"बा...बा...ला. बी..."

"पुढं."

"बी...डी. अवं, सांग न!"

"नाही सांगत."

"हे शिकवनं व्हय का? मास्तरीन हाय का जमादार?"

त्यानं पाटी आपटली, मी उचलून पुन्हा हातात दिली. दुपारी जेवताना दोघांची तोंडं दोन दिशांना. आई आमच्या मधे बसून भात वाढायची आणि म्हणायची, "दोघंबी सारखेच. माह्याच नशिबी आले." एके दिवशी त्यानं वाक्य शेवटपर्यंत लावलं, आणि अर्थ डोक्यात शिरल्यावर एकदम ओरडला, "चप्पल नोती ते, बूट होता!" मी हसले नाही. सारखं मनात होतं, कुणी सांगितलं असेल. आईनं सांगितलं असेल. या माणसावर माझा विश्वासच उरला नव्हता. शाळा उघडल्यावर मी धानोऱ्याहून आईच्या मोबाइलवर वाक्यं लिहून पाठवायची, आणि तो फोन करून मला वाचून दाखवायचा. तो वाचतोय की शेजारचं पोरगं पाठीमागून सांगतंय, हे फोनवर कसं कळणार? आणि शिव्या दिल्याशिवाय तोही फोन ठेवत नव्हता.

दिवाळीच्या सुटीत घरी पोचले तर बाबा पाळीवर बसलेला, आणि कानाला मोबाइल. मला पाहून त्यानं तो झटकन खिशात घातला. म्हटलं, झालं. परत ऐकतोय. कुणाकडून तरी नक्कल वाचून घेतली असेल आणि पहिली दोन पानं कशीबशी घोटून ठेवली असतील. विचारून उपयोग काय? तो हसला असता.

तालीम दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात होती. सगळे गोल बसलेले, ज्याच्या त्याच्या हातात आपापली नक्कल. गावातली पोरं खिडकीला लटकलेली. आई मासोळ्यांची टोपली तशीच दाराशी ठेवून आत आली होती, मासोळीचा वास सगळीकडे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि हाताची बोटं मोडत होते. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला मी एवढी घाबरले नव्हते. दिग्दर्शक म्हणाला, "हं भाऊ, तुमी."

बाबानं चष्मा लावला. कागदावर बोट ठेवलं आणि सुरू केलं. "कोण आहे बाहेर? एवढ्या उन्हाचं कोण आलं?" सावकाश, पण न अडखळता. पुढचं वाक्य, तेही न अडखळता. लोक एकमेकांकडे बघू लागले, वा भाऊ वगैरे म्हणू लागले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला. एवढं गुळगुळीत? माझ्यापुढे बीडीवर घाम गाळणारा माणूस हा? पाठ केलंय यानं. पुन्हा पाठ केलंय. आता दोन पानांनंतर आठवण संपेल आणि सगळ्यांसमोर हा दरोडेखोर पकडायला लागेल, आणि त्या खुर्चीत जाऊन बसेल ते कायमचा. मला ओरडावंसं वाटत होतं, बाबा, कागद बघ रे, एकदा तरी कागद बघ!

दुसरं पान आलं. त्यानं ते उलटलं. आधी उलटलं, मग तोंड उघडलं. बोट सरकलं, थांबलं, पुन्हा मागे गेलं. आणि मग, सगळं समाजमंदिर दणाणेल अशा आपल्या फौजदारी आवाजात, तो म्हणाला:

"खालच्या आवाजात, डोळे पुसत, पोरी, हे घर तुझंच आहे."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा पिकला! खिडकीवरची पोरं खाली पडली. दिग्दर्शकाला ठसका लागला. आईसुद्धा पदराआड हसत होती, तिला काही कळलं नव्हतं तरी.

मी हसले नाही. मला हसता येईना. कंसातलं कुणीच कुणाला वाचून दाखवत नाही. मी दाखवलं नव्हतं, मोबाइलवर दिग्दर्शकानं दाखवलं नसणार, शेजारच्या पोरानंही नाही. ते बाबाच्या कानात कधी पडलेलंच नव्हतं. ते फक्त कागदावर होतं.

"अवो भाऊ," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "कंसातलं बोलाचं नसते, ते कराचं असते."

बाबा तांबडालाल झाला. जन्मभर ऐकलेलं म्हणत आलेला माझा बाप कागदावर बोट आपटून सगळ्यांवर ओरडला, "काऊन नाई बोलाचं? लिवलं हाय न इथी! मी का मनानं बोलून राह्यलो?"